जीवघेण्या लयबिघाडातून वाचलेल्या हृदयरुग्णांची शुश्रूषा (कोकण)

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील ठोक्यांची लय एकाएकी बिघडली (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया किंवा फिब्रिलेशन), तर रक्ताभिसरण थांबून काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन वाचवलेल्या अनेक रुग्णांना हा धोका पुढेही राहतो.

आधी कारण शोधावे लागते. ते तात्पुरते असेल, तर ते दूर केल्यावर आयसीडी, म्हणजे विजेचा झटका देऊन लय ताळ्यावर आणणारे यंत्र, सहसा लागत नाही. कोकणातले उदाहरण लाल विंचवाच्या दंशाचे. विषामुळे स्वायत्त चेतासंस्था खवळून हृदयाची लय आणि ताकद दोन्ही ढासळतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेल्या प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने असे असंख्य रुग्ण वाचले. त्यांचे हृदय बहुधा पूर्ववत होते. मात्र जुन्या हार्ट अटॅकचा व्रण, जाड झालेला हृदयस्नायू, ब्रुगाडा किंवा लाँग क्यूटीसारखे आनुवंशिक दोष जात नाहीत. अशा रुग्णांना आयसीडी बसवतात.

छातीत कातडीखाली बसवायचे हे यंत्र १९८०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात माणसाला प्रथम बसवले गेले. ते बिघाड रोखत नाही, झालेला बिघाड मोडते. म्हणून गोळ्या चालूच ठेवायच्या. अमिओडारोन हे लय सांभाळणारे औषध घेणाऱ्याची त्वचा उन्हात भाजते, त्यामुळे खलाशी आणि बागायतदारांनी अंग झाकून काम करावे. थायरॉइड आणि यकृताच्या चाचण्याही वेळोवेळी लागतात.

यंत्र बसवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये: जाळे ओढणे नको, शिमग्यात पालखी नाचवणेही नको. माडावर चढणे आणि होडीतून एकट्याने जाणे कायमचेच सोडावे, कारण यंत्राचा झटका बसण्याआधीच शुद्ध हरपू शकते. मोठ्या स्पीकरमध्ये ताकदवान चुंबक असतो. त्याला छाती टेकली, तर यंत्राचे झटके तेवढ्यापुरते बंद पडू शकतात.

एक झटका बसून बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. लागोपाठ झटके बसले किंवा चक्कर, धाप असेल, तर १०८ला फोन करावा. झटक्याची भीती मनात घर करते, झोप उडते. त्यावरही उपचार व्हायला हवेत, आणि हा भाग फार दुर्लक्षित राहतो.

खरी अडचण अंतराची आहे. सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यात बांबोळीला, रत्नागिरीतले कोल्हापूर किंवा मुंबईला जातात. यंत्राची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी लागते. मजुरी बुडवून, घाट उतरून-चढून हा फेरा जन्मभर सांभाळणे गरीब घराला झेपत नाही. दूरस्थ तपासणीची सोय आणि जिल्ह्यातच यंत्र तपासणारा तंत्रज्ञ या दोन गोष्टी म्हणूनच तातडीच्या आहेत.

दोष आनुवंशिक असेल, तर आईवडील, भावंडे, मुले यांचाही ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. चाकरमानी भावंडे गणपतीला गावी येतात, तेव्हाच हे सांगून ठेवावे. घरातल्या प्रत्येकाने छाती दाबण्याचे तंत्रही शिकावे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल.