ऊन आणि त्वचेची प्रतिकारशक्ती : एका शोधाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात उन्हाची चर्चा पारा आणि उष्माघात यांपाशीच थांबते. परभणी, नांदेडचा पारा चाळिशीपार गेला की सगळे सावध होतात. पण सूर्याच्या अतिनील किरणांना चटका नसतो, आणि दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघालेल्या मजुरांच्या मानेवर व हातांवर ते ऐन थंडीतही पडत राहतात. उन्हात रापलेल्या या कातडीच्या आत काय घडते, हे उमगायला विज्ञानालाही बराच काळ लागला.

बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये त्वचेच्या वरच्या थरातील फांद्या फुटलेल्या पेशींचे वर्णन केले, मात्र त्या मज्जासंस्थेच्या आहेत असे त्यांना वाटले. शरीरात शिरू पाहणाऱ्या परक्या घटकांची वर्दी प्रतिकारयंत्रणेला देणाऱ्या या पहारेकरी पेशी आहेत, हे कळेपर्यंत शंभरहून अधिक वर्षे लोटली. मधल्या काळात उजेडाकडे औषध म्हणूनच पाहिले गेले. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते.

खरे वळण १९७० च्या दशकात आले. अतिनील किरणांमुळे उंदरांत उद्भवलेल्या कर्करोगाच्या गाठी त्याच वंशाच्या निरोगी उंदरांत रोवल्या असता बहुतेक गाठी टिकत नाहीत, असे अमेरिकेतील मार्गारेट क्रिप्की यांना आढळले. मात्र आधी काही आठवडे हेच किरण दिलेल्या उंदरांत त्या गाठी बिनदिक्कत वाढत. म्हणजे किरण पेशींतील डीएनए बिघडवत होतेच, शिवाय बिघडलेली पेशी ओळखून तिचा नाश करणारी यंत्रणाही दुबळी करत होते. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच. पुढे १९८० मध्ये किरणांमुळे लँगरहान्स पेशी घटतात व त्या जागी लावलेल्या रसायनाविरुद्ध प्रतिक्रिया उमटत नाही, असे दिसले. १९८३ मध्ये त्वचेतच असणारे युरोकॅनिक आम्ल किरणे शोषून प्रतिकारशक्ती मंदावण्याचा संदेश पुढे नेते, असा सिद्धान्त मांडला गेला.

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेत पुष्कळ कमी आढळतो, ही दिलाशाची बाब आहे. तरीही ते कवच पूर्ण नाही. त्वचा लाल होण्याइतकेही ऊन लागलेले नसताना प्रतिकारशक्ती मंदावू शकते, आणि कडक उन्हानंतर अनेकांच्या ओठांवर पुन्हा उठणारे हर्पिस या विषाणूचे फोड हे या मंदावण्याचे डोळ्यांना दिसणारे लक्षण मानले जाते.