'चेक' या शब्दामागचा पट

बँकेत भरतो तो चेक, अंगातला चेक्सचा शर्ट, मुलुंडचा चेकनाका, ओढ्यावरचा चेक डॅम आणि गॅरेजमधला चेकनट ही सगळी एकाच कुळातली भावंडं. कुळाचा मूळ पुरुष फारसी 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून समोरच्याला सावध करायचे. आपला 'शह' तो हाच. खेळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात पोचला. वाटेत शब्दाचं लॅटिनमध्ये 'स्काकस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत 'चेक'. खेळाचं 'चेस' हे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं.

शह बसला की मनातले बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. त्यामुळे 'रोखणे' हा अर्थ फार लवकर आला. चेक डॅम पाणी अडवतो, चेक व्हॉल्व्ह (प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही) ते उलटं फिरू देत नाही. चेकनटचंही तेच: बोल्टवरच्या नटावर दुसरा नट आवळायचा, म्हणजे दोघं एकमेकांवर रेटून बसतात आणि कंपनाने ढिले होत नाहीत. मात्र दुसरा आवळताना पहिला पान्याने धरून ठेवला नाही तर दोन्ही बरोबरच फिरतात, आणि तो नट असून नसल्यासारखा. 'तपासणे' हा आज सर्वांत जास्त चालणारा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकात रुळला. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, आधी अडवायचं आणि मग तपासायचं.

दुसरी शाखा निघाली ती पटावरून. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. चौकडीच्या कापडाला चेक्स म्हणतात ते त्यावरूनच, आणि इंग्लंडच्या खजिन्याचं 'एक्स्चेकर' हे नावही. पहिल्या हेन्रीच्या काळात, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, हे खातं उभं राहिलं. त्याचा कारभार कसा चाले हे रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकात लिहून ठेवलं आहे.

सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबल. हिशेब मांडायच्या सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. वर काळं कापड आणि त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांना उजवीकडून किंमत ठरलेली: पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार, दहा हजार. शेरीफकडून, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या वसुली अधिकाऱ्याकडून, १६५ पौंड ७ शिलिंग ४ पेन्स येणं असेल तर शंभरात १, विसात ३, पौंडात ५, शिलिंगात ७ आणि पेन्सात ४ सोंगट्या. खालच्या ओळीत त्याने भरलेली रक्कम मांडायची आणि वरच्या ओळीतून वजा करायची. पौंडाच्या रकान्यात सोंगट्या कमी पडल्या तर विसातली एक उचलून तिथे वीस ठेवायच्या, हातचा घेतल्यासारखं. रोमन अंकांत शून्य नाही आणि त्यात बेरीज-वजाबाकी म्हणजे डोकेदुखी. इथे रिकामा रकाना हेच शून्य. शिवाय अक्षरशत्रू शेरीफलाही आपली बाकी डोळ्यांनी दिसे. फिट्झनीलने नावाचं कारणही दिलं आहे: पटावर दोन राजे लढतात, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज.

पैसे भरल्याची पावती लाकडी असे, बहुधा हेझलच्या काठीची. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. लांब भाग, 'स्टॉक', पैसे भरणाऱ्याकडे. आखूड भाग, 'फॉइल', खजिन्यात. एकाने गुपचूप खाच वाढवली तर जोडताना ती पुढे दुसऱ्या भागावर जात नाही, आणि नवी काठी करावी तर लाकडाच्या शिरा जुळत नाहीत. या काठ्या १८२६ पर्यंत टिकल्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्यांचा जुना साठा ब्रिटिश संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बराचसा खाक झाला.

काठीच्या जागी कागद आला तरी युक्ती तीच राहिली: दस्ताचा एक तुकडा स्वतःकडे ठेवायचा आणि मूळ कागद परत आला की पडताळायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत ते या मागे उरणाऱ्या स्थळप्रतीलाच, कारण तिच्यामुळे बनवेगिरीला चाप बसे. पुढे ते नाव ज्या कागदावर पैसे मिळतात त्याला चिकटलं.

'चेक' अरबी 'सक्क'वरून आला, असं मराठीतही बरेचदा छापून येतं. सक्क हा लेखी देण्याचा दस्त होता हे खरं आणि उच्चारही जवळचा आहे. पण इंग्रजीत हा शब्द आधी स्थळप्रतीसाठी आला, तोही 'रोखणे'वाल्या साध्या स्पेलिंगने. शेवटी 'क्यूयूई' असलेलं स्पेलिंग ब्रिटनमध्ये नंतर, एक्स्चेकरच्या धर्तीवर रूढ झालं. आपल्याकडे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये तेच आहे. अमेरिकेने जुनं स्पेलिंग ठेवलं, आणि तिथल्या हॉटेलात चेक मागितला तर वेटर बिल आणून देतो.