चांदणी काढता येत नाही तेव्हा

यकृताचा जुना आजार असलेल्या रुग्णाला डॉक्टर कधीकधी कागद-पेन्सिल देतात आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगतात. आपण शाळेत वहीच्या मागच्या पानावर हात न उचलता काढायचो, तीच. रुग्णाची चांदणी जमत नाही. एक टोक भलतीकडेच जातं, रेघा जुळत नाहीत. मग हात समोर ताठ धरून पंजे मागे वाकवायला सांगितले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. घरच्यांची तक्रार आणखी वेगळी असते. दिवसा पेंगतात, रात्री टक्क जागे असतात. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस क्षुल्लक कारणावरून अंगावर येतो. ऐकणाऱ्याला वाटावं, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. बिघाड मात्र बरगड्यांखाली, उजव्या बाजूला असतो.

‘शरीरात विषद्रव्यं साठली की मन बिघडतं’ हे वाक्य हल्ली इतक्या बाटल्यांवर छापलेलं असतं की ते ऐकलं तरी मला वैताग येतो. पण वाक्य खोटं नाही. कुठलं विषद्रव्य, असं विचारल्यावर बाटलीवाल्यांकडे उत्तर नसतं, एवढाच फरक. या रुग्णाच्या बाबतीत ते आहे: प्रामुख्याने अमोनिया.

आपण खाल्लेल्या प्रथिनांवर आतड्यातले जिवाणू काम करतात, तेव्हा अमोनिया तयार होतो. आतड्यांतलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी ते एका मोठ्या शिरेतून यकृतात येतं, आणि तिथे अमोनियाचा युरिया होतो. ही साखळी हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली. पुढे युरिया लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. दिवसाकाठी ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. हे सगळं आपण झोपलेलो असतानाही चालू असतं, त्यासाठी वेगळा ‘सफाई सप्ताह’ लागत नाही.

यकृताला वळसा घातला तर काय होतं, हे १८९३ मध्येच पाहून झालं होतं. घंटा आणि लाळेच्या प्रयोगामुळे आपल्याला ठाऊक असलेले पावलॉव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांची ती शीर यकृताला टाळून थेट मोठ्या नीलेला जोडली. कुत्री जगली. पण मांस खायला दिलं की काही चिडखोर होत, चावायला धावत, अडखळत चालत, झटके येऊन बेशुद्धही पडत. या प्रकाराला नावच पडलं ‘मांसाची नशा’. आहार तोच, कुत्रं तेच. मधला एक थांबा चुकल्याबरोबर स्वभाव बदलला.

मेंदूत पोहोचलेला अमोनिया तिथल्या तारकापेशी, म्हणजे चेतापेशींच्या मदतनीस पेशी, टिपून घेतात आणि त्याचं ग्लुटामिन करतात. हे साठलं की पेशीत पाणी ओढलं जातं, ती फुगते, आणि शेजारच्या चेतापेशींची देवघेव बिघडते. यावरचं एक जुनं औषध म्हणजे लॅक्ट्युलोज नावाचं गोड पातळ सिरप. आपल्याला ते पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतं. त्यातून आम्ल तयार होतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला झालं की मात्रा बरोबर आहे, असं डॉक्टर सांगतात. पोट साफ झाल्यावर डोकं साफ होतं, हे इथे अक्षरशः खरं आहे.

पण इथेच. यकृत धडधाकट असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी अनेक डॉक्टरांचंही मत होतं की बद्धकोष्ठात आतड्यातली विषं रक्तात शिरतात आणि माणूस सुस्त, उदास होतो. १९२२ मध्ये डोनल्डसन नावाच्या डॉक्टरांनी काही जणांना मुद्दाम शौच रोखून धरायला लावलं. डोकं जड झालं, चिडचिड वाढली. एनिमा दिल्याबरोबर सगळ्यांना हलकं वाटलं. विषं रक्तात गेली असती तर इतक्या झटपट उतरली कशी असती? मग त्यांनी गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला. लक्षणं तीच! कापसात कसलं आलंय विष. हा सगळा ताणलेल्या आतड्याचा त्रास होता.

त्याच काळात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन वेडाचं मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात आहे असं मानून रुग्णांचे दात उपटत होते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मोठं आतडं कापून काढत होते. त्या शस्त्रक्रियांनंतर दहातले तीन रुग्ण दगावत, असं त्यांचे स्वतःचेच आकडे सांगत. ‘आतली घाण काढा’ या कल्पनेचा हा इतिहास आजच्या जाहिरातींत अर्थातच नसतो.

गंमत म्हणजे अमेरिकेच्याच दक्षिण भागातल्या मनोरुग्णालयांत तेव्हा पेलाग्राचे रुग्ण दाखल होत होते. उन्हात उघडी राहणारी कातडी सोलवटलेली, जुलाब, आणि पुढे भ्रम. अनेकांना संशय जंतूंचा. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्या मात्र लक्षात आलं की संस्थांमधल्या रुग्णांना हा आजार होतो, तिथल्या कर्मचाऱ्यांना नाही. जेवणात दूध, अंडी, मांस वाढवल्यावर अनाथालयांतला पेलाग्रा हटला. तरीही लोक मानेनात, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या खपल्या, लघवी आणि विष्ठा कणकेच्या गोळीत घालून गिळली. गोल्डबर्गर यांच्या पत्नीने रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. त्या रुग्णांच्या शरीरात काही शिरलेलं नव्हतं, काहीतरी कमी पडत होतं. ते नायसिन, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व, हे १९३७ मध्ये कळलं.

‘ब-१२’ची गोष्ट याच घराण्यातली, फक्त सावकाशीची. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते. विसराळूपणा, चिडचिड, कधी संशयाचे विचार. आणि काही वेळा रक्तक्षय दिसायच्याही आधी.

मग चांगल्या जेवणाने नैराश्य जातं का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत ६७ नैराश्यग्रस्तांपैकी काहींना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली, बाकीच्यांना नुसती गप्पांची सोबत. आहाराच्या गटात ३२ टक्के जणांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटात ८ टक्के जणांचं. आशादायक आहे, पण चाचणी लहान होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं. उलट ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या १८ हजारांवर लोकांना सुमारे पाच वर्षं देऊन पाहिल्या, नैराश्य टळलं नाही. औषधं बंद करून सॅलडवर विसंबायचा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

नुसत्या रसांवर राहायच्या कार्यक्रमांबद्दल मात्र एक जुना पुरावा आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज सुमारे १,५७० कॅलरींवर. वजन पाव हिश्शाने उतरलं. माणसं खिन्न, चिडखोर झाली, ताटल्या चाटू लागली, रात्री पाककृतींची पुस्तकं वाचत बसली. कित्येक रस-उपवासांत याहूनही कमी कॅलरी असतात. मुदत थोडी असते म्हणून निभावतं.

आणि सफाईच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूल यकृतालाच इजा करतात. ग्रीन टीचा तीव्र अर्क हे त्यातलं नोंदवलेलं उदाहरण. कपातला चहा नव्हे, कॅप्सूलमधला अर्क. पण ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की त्या कॅप्सूलचं नाव यादीत येत नाही. ते काही औषध नाही, असं माणसं म्हणतात, ते तर आतून स्वच्छ करायचं आहे.