पॉलिकीट कृमी : वर्गीकरण आणि नावं

अंगावर वळ्या, आणि बहुतेक वळ्यांना दोन्ही बाजूंनी मांसल पाय (पार्श्वपाद), त्यातून ताठ केसांचे (दृढरोमांचे) झुपके निघालेले, असे समुद्रातले किडे म्हणजे पॉलिकीट. गांडूळ आणि जळू यांच्याच संघातले, ॲनेलिडामधले. मान्य जाती ११-१२ हजारांच्या घरात, कुलं (फॅमिली) साधारण ८०. शरीररचना कुठल्याही प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मिळेल, खरा वाद वेगळाच आहे: पॉलिकीटा नावाचा गट मुळात आहे का?

लिनिअसनं १७५८ मध्ये नेरिस, ॲफ्रोडायटा वगैरे पॉलिकीटांच्या प्रजाती (जीनस, म्हणजे जातींचे गट) 'वर्मीस' या गटात टाकल्या, त्यात गोगलगायींपासून सगळंच मऊ अंगाचं कोंबलेलं होतं. ॲनेलिड हे नाव लामार्कचं, साल बहुतेक जण १८०२ धरतात, जुन्या पुस्तकांत १८०९ पण दिसतं. पॉलिकीटा हे नाव ग्रूबचं, १८५० (पुस्तकरूपात १८५१, म्हणून दोन्ही सालं फिरत असतात). मग १८६६ मध्ये कात्रफाजनं दोन ढीग पक्के केले, फिरणारे ते एरंशिया आणि नळीत किंवा बिळात बसून राहणारे ते सेडेंटेरिया. ही कल्पना त्याच्या आधी ओडुआँ आणि मिल्न-एडवर्ड्स यांच्याकडे होतीच. ही विभागणी इतकी सोयीची ठरली की फोवेलनं फ्रान्सच्या पॉलिकीटांवरचे दोन खंड (१९२३ आणि १९२७) तसेच काढले, एक फिरणाऱ्यांचा आणि एक बसणाऱ्यांचा.

पण राहणीमानावरून नातं ठरत नाही. १९७७ मध्ये फॉखाल्डनं ही जोडी बाजूला ठेवून सरळ गण (ऑर्डर, कुलांच्या वरची पायरी) मांडले, आणि १९९७ मध्ये राऊज आणि फॉखाल्ड यांनी शरीराच्या लक्षणांवरून क्लॅडिस्टिक पद्धतीनं (म्हणजे समान पूर्वजाकडून आलेली लक्षणं बघून) नवीन मांडणी केली: स्कोलेसिडा आणि पाल्पाटा, पाल्पाटामध्ये परत ॲसिक्युलाटा आणि कॅनालिपाल्पाटा. आता संपलं असं वाटत असतानाच २०११ मध्ये स्ट्रुक आणि सहकाऱ्यांचा जनुकांवर आधारलेला पेपर आला आणि एरंशिया-सेडेंटेरिया परत उभे राहिले! नावं जुनीच पण आतला माल बदललेला, हे बरेच जण विसरतात. आग्या किड्यांचं ॲम्फिनोमिडी हे कुल चांगलं फिरणारं, तरी आता एरंशियाच्या बाहेर, नळीत राहणारे कीटॉप्टेरिडी सेडेंटेरियाच्या बाहेर, ओवेनिडी आणि मॅजेलोनिडी तर वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी. आणि गांडूळ-जळू थेट सेडेंटेरियाच्या पोटात. म्हणजे पॉलिकीटा गट ठेवायचाच असेल तर त्यात गांडूळही घ्यावं लागतं, मग तो ॲनेलिडापेक्षा वेगळा उरतच नाही. मोठे डेटाबेस अजून पॉलिकीटा हा वर्ग म्हणून ठेवतात, ते सोयीसाठी. वर्णन म्हणून शब्द वापरायला हरकत नाही, पण वंशावळ सांगताना कुलाच्या पातळीवर बोललेलं जास्त सुरक्षित.

याला एक नियमांचं कारणही आहे. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता अधिकुलापर्यंतच लागू होते, त्याच्या वर गण, वर्ग यांना अग्रक्रमाचा (आधीचं नाव तेच खरं, हा) नियम नाही, म्हणून एरंशियाचा अर्थ कोणीही बदलू शकतं. कुलाचं तसं नाही. सिबोग्लिनिडीचं उदाहरण घ्या. सिबोगा या डच समुद्र-मोहिमेत सापडलेल्या दोऱ्यासारख्या, तोंड-आतडं नसलेल्या किड्याला कॉलरीनं १९१४ मध्ये सिबोग्लिनम नाव दिलं, पण कोणत्या संघात घालायचा ते त्याला ठरवता आलं नाही. पुढे पोगोनोफोरा नावाचा वेगळा गट झाला, त्याला संघाचा दर्जाही मिळाला. खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांवरचा रिफ्टिया हा किडा सापडल्यावर (नाव १९८१ चं) वेस्टिमेंटिफेरा असा अजून एक संघ झाला. मुळात गाळातून ओढून काढताना शेपटाकडचा तुकडा तुटून जायचा, आणि वळ्या आणि दृढरोम नेमके तिथेच! १९६० च्या दशकात तो भाग मिळाला, तरी वाद चाललाच, १९९७ मध्ये मॅकह्यूच्या जनुकीय पुराव्यांनी हे सगळे ॲनेलिडच आहेत या मताला मोठं बळ मिळालं. त्याच वर्षी राऊज आणि फॉखाल्ड यांनी दोन संघांना खाली उतरवून एक कुल केलं, नाव कॉलरीचंच परत आलं.

एकाच प्राण्याला अनेक नावं पडण्याचं दुसरं कारण म्हणजे वयानुसार बदलणारं रूप. नेरिस प्रजननाच्या वेळी डोळे मोठे, पाय वल्ह्यासारखे करून पोहायला निघतो, त्या रूपाला हेटेरोनेरिस अशी स्वतंत्र प्रजाती मानलं होतं. ऑटोलायटस या दुसऱ्या प्रजातीत तर नराला पॉलिबोस्ट्रिकस, मादीला सॅकोनेरिस. ओवेनिडींच्या डिंभाचं (अळीरूपाचं) मित्रारिया हे नावही आधी स्वतंत्र प्राण्याचं होतं, आता फक्त डिंभाचं म्हणून टिकलंय.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा, म्हणजे एका नावाखाली अनेक जाती. विसाव्या शतकातल्या बऱ्याच याद्यांत युरोपातली नावं जगभर चिकटवलेली आहेत. कॅपिटेला कॅपिटाटा हे फॅब्रिशियसनं १७८० मध्ये ग्रीनलंडच्या नमुन्यावरून दिलेलं नाव, पुढे प्रदूषणाचा सूचक म्हणून सगळीकडे वापरलं गेलं, आणि १९७६ मध्ये ग्रासल दांपत्यानं दाखवलं की त्यात दिसायला सारख्या पण वेगळ्या सहा जाती आहेत. त्यातली प्रयोगशाळेत वाढवली जाणारी एक २००९ मध्ये कॅपिटेला टेलेटा झाली. मार्फिसा सँग्विनिया (माँटेग्यू, १८१३) हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं नाव, त्यासाठी २००३ मध्ये निओटाइप म्हणजे बदली नमुना ठरवावा लागला, त्यामुळे दुसऱ्या समुद्रांतल्या 'सँग्विनिया' आता एकेक करून तपासाव्या लागतात. ख्रिसमस ट्री वर्म या नळीत राहणाऱ्या पॉलिकीटाचंही तेच झालंय, पल्लासचं स्पायरोब्रँकस जायगँटियस (१७६६) हे नाव आता कॅरिबियन बाजूच्या किड्यांपुरतं, हिंदी-प्रशांत महासागरातले स्पायरोब्रँकस कॉर्निक्युलेटसच्या जातिसमूहात धरतात. जुन्या फोटोंखाली मात्र दोन्हीकडे जायगँटियसच लिहिलेलं असतं, तेव्हा ठिकाण बघितल्याशिवाय नावावर जाऊ नये.