सरळ तारा, तिरप्या तारा

पूर्व विदर्भातल्या एखाद्या मालगुजारी वाड्यात किंवा जुन्या बंगल्यात उभा पियानो दिसलाच, तर पट्ट्या दाबण्याआधी पायाजवळची फळी काढून आत बघा. सगळ्या तारा वरून खाली समांतर उतरल्या असतील तर तो सरळ तारांचा. डावीकडच्या जाड, तांब्याने मढवलेल्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या उजवीकडे गेल्या असतील तर तिरप्या मांडणीचा. सरळ तारांचा पियानो ऐकून लोक म्हणतात, "जुना झाला, म्हणून असा वाजतो." खरं तर त्यातलं बरंच काही तो नवा होता तेव्हाही तसंच वाजत असणार.

तार निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो, दुप्पट केली की उतरतो. पियानोची सर्वांत उंच सुराची तार जेमतेम 5 सेंटिमीटरची. तिथून खाली सात सप्तकं दुपटीने जायचं, तर खर्जाची तार 6 मीटरच्या वर जाईल. तो पियानो वाड्याच्या दारातून आत यायचा नाही. म्हणून खालच्या तारा आखूड ठेवून त्यांच्यावर तांबं गुंडाळतात, म्हणजे वजन वाढून सूर उतरतो. पण आखूड आणि जाड तार ताठ असते. तिच्या मूळ सुरासोबत उमटणारे वरचे स्वर नेमक्या दुपटी-तिपटीवर न राहता थोडे चढे लागतात आणि खर्ज पत्र्यासारखा, अस्पष्ट ऐकू येतो. त्याच पेटीत तार तिरपी ताणली की तिला जास्त लांबी मिळते. हा झाला पहिला फायदा.

दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तारेचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. तो मोठा होतो घोडीखालच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालच्या, स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीमुळे. खंजिरी कडेला वाजवा आणि मधोमध वाजवा, फरक लगेच कळेल. पियानोच्या फळीचंही तसंच, कारण तिच्या कडा चौकटीला घट्ट बसवलेल्या असतात. सरळ मांडणीत खर्जाची घोडी कडेजवळ पडते. तारा तिरप्या केल्या की ती आत सरकते आणि आवाज भरदार होतो.

पॅरिसच्या पाप नावाच्या पियानो कारागिराने 1828 साली लहान उभ्या पियानोसाठी तिरप्या तारांचं पेटंट घेतलं. आडव्या, मोठ्या ग्रँड पियानोसाठी न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीने 1859 साली. पुढे जगाने तीच वाट धरली. फ्रान्सच्या एरार कंपनीने मात्र सरळ तारांचे ग्रँड विसाव्या शतकातही बनवले, आणि त्यात नुसता हट्ट नव्हता. सरळ तारांत खर्ज, मधले आणि वरचे सूर यांचा रंग वेगवेगळा राहतो. दाट स्वरसमूहातही खालचा स्वर सुटा ऐकू येतो. तिरप्या मांडणीत सगळं एकजीव होतं. 2015 साली पियानोवादक डॅनिएल बॅरनबॉइम यांनी बेल्जियमचे पियानो कारागीर ख्रिस मेने यांच्याकडून सरळ तारांचा नवाकोरा ग्रँड करून घेतला, तो याच सुटेपणासाठी.

अर्थात सगळं श्रेय किंवा खापर मांडणीवर टाकू नये. जुन्या इंग्रजी उभ्या पियानोंत तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या पुढे बारीक सळ्यांचा पिंजरा दिसतो. त्यात आवाज थांबवणाऱ्या गाद्या वर, तारेच्या टोकाजवळ टेकतात. टोकाला तार फारशी हलत नसल्याने ती नीट दबत नाही आणि पट्टी सोडल्यावरही स्वर थोडा रेंगाळतो. त्या गोड धुक्याचा तारांच्या दिशेशी काही संबंध नाही.

आणि आपलं हवामान! मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, हवा कोरडी होते, फळी आक्रसते आणि सूर उतरतो. पावसाळ्यात ती फुगते, सूर चढतो. वर्षानुवर्षं हे चाललं की फळी तडकते, खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात ते सैल पडतं. तडकलेल्या फळीची झणझण आणि आठवड्यात उतरणारा सूर हे म्हातारपण. सुटा, थोडा कोरडा खर्ज ही मांडणी. पहिलं दुरुस्त होतं, दुसऱ्याला दुरुस्तीची गरजच नाही.

असा पियानो कुणी जुळवायला घेतलाच, तर एका बैठकीत 440 वर, म्हणजे आजच्या प्रमाण सुरावर, चढवू नका. गंजलेली तार तुटेल, आणि जुन्या मापाची, जुन्या वजनाची तार आपल्याकडे मिळणं अवघड. अर्धा-एक स्वर खाली जुळवला तरी चालतं. सोबतची हार्मोनियम त्या पट्टीत वाजवता येते.