लक्षद्वीपला जायचंय? आधी परवाना, मग जहाज

लक्षद्वीप भारतातच असलं तरी तिथं नुसत्या तिकिटावर उतरता येत नाही. 1967 च्या नियमांनुसार बेटांवर पाय ठेवायला प्रवेश परवाना लागतो, मग तुम्ही पुण्याचे असा वा पणजीचे, जहाजानं जा वा विमानानं. तिथले रहिवासी आणि कामानिमित्त जाणारे सरकारी व लष्करी कर्मचारी यांना त्यातून सूट आहे. काहींना ही कटकट वाटते. मला हा नियम पटतो. एकूण जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, माणसांची वस्ती फक्त 10 बेटांवर. तिथं गर्दीला आवर हवाच.

परवाना बेटांच्या नावानिशी मिळतो, आणि अनेक बेटं फिरणाऱ्यांची चूक इथेच होते. अर्जात फक्त अगत्ती लिहिलं, तर तिथून कडमतला जाता येत नाही. म्हणून आधी प्रवास आखा, मग अर्ज भरा. कासवं बघायला अगत्तीचं लगून (प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ, शांत पाणी), स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंगला कडमत, शिडाच्या होडीला आणि कयाकला कल्पेनी, 1885 चं दीपगृह पाहायला मिनिकॉय: यातलं जे हवं असेल त्या प्रत्येक बेटाचं नाव अर्जात यायला हवं.

अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर करायचा. पासपोर्ट आकाराचा फोटो, ओळखपत्र आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. सगळ्यात जास्त दिवस या प्रमाणपत्राला लागतात, म्हणून सुट्टी ठरली की पहिलं काम हेच. महाराष्ट्रात त्यासाठी पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. पासपोर्ट कार्यालयातून मिळतं ते वेगळं. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं, त्यात पैसे घालवू नका. ओळखपत्रावर, प्रमाणपत्रावर आणि तिकिटावर नाव एकसारखंच असू द्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर येतं आणि दुसऱ्यावरून गळतं, तेवढ्यानंही अर्ज अडकू शकतो.

बेटावरच्या ओळखीच्या माणसाकडे उतरणार असाल तर त्याचं यजमान म्हणून हमीपत्र लागतं. प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची सहल घेतली, तर परवान्याचं काम बरंचसं तेच बघतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन. त्यांच्या ‘समुद्रम’ सहलीत कोचीहून जहाज सुटतं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवतात, रात्री मुक्काम जहाजावरच. पावसाळ्यात समुद्र खवळतो, त्या काळात या सहली बंद असतात.

परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर व्हिसाखेरीज त्यांनाही हा परवाना लागतो आणि त्यांच्यासाठी अगत्ती, बंगारम, कडमत अशी मोजकीच बेटं खुली आहेत. सहल त्या हिशेबानं ठरवा.

बेटावर पोचल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात द्यायचा असतो, म्हणून छापील प्रती हाताशी ठेवा. बंगारम सोडलं तर दारूला बंदी आहे. आणि किनाऱ्यावर प्रवाळाचा तुटका तुकडा पडलेला दिसला तरी तो बॅगेत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, मेलेल्या प्रवाळालाही.