विकासनीती आणि परकीय साहाय्य : बेळगाव सीमाभाग

विकसनशील देशाने उत्पादन, रोजगार आणि राहणीमान वाढवण्यासाठी ठरवलेली वाट म्हणजे विकासनीती. या वाटेवर इतर देशांकडून किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांकडून मिळणारे अनुदान, सवलतीचे कर्ज, धान्य, तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण यांना मिळून परकीय साहाय्य म्हणतात. करार दिल्लीत होतात, पण त्यांचा कस लागतो तो तालुक्यात. खानापूरच्या सह्याद्रीतल्या जंगलापासून अथणीच्या कमी पावसाच्या पट्ट्यापर्यंत पसरलेला बेळगाव जिल्हा (लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ४७,७९,६६१) हा कस पाहण्यासाठी उत्तम आहे. येथे मराठी आणि कन्नड दोन्ही बाजाराच्या भाषा आहेत, पलीकडे महाराष्ट्र आणि गोवा लागून आहेत, आणि राज्याची राजधानी मात्र फार दूर आहे.

बोलताना सगळ्यालाच ‘मदत’ म्हटले जाते. प्रत्यक्षात यातला मोठा भाग कर्जाचा असतो. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जन्मलेली जागतिक बँक व्याजाने कर्ज देते. तिचा सवलतीच्या कर्जाचा हात, म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास संघ, १९६० साली निघाला आणि भारत त्याचा बराच काळ मोठा ऋणको होता. २०१४ मध्ये भारत त्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के साहाय्य म्हणून द्यावे, असे संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवले. मोजक्याच देशांनी ते पाळले. राज्य सरकारला परदेशातून थेट कर्ज उचलता येत नाही. केंद्र ते घेते आणि राज्याला देते. २००५ पासून बहुतेक राज्यांना हे कर्ज मूळ अटींवर जसेच्या तसे मिळते. म्हणजे डॉलर महागला तर त्याचा बोजाही राज्यावर पडतो. बेळगावच्या गल्लीतल्या नळाचा डॉलरच्या भावाशी संबंध जुळतो तो असा.

नीतीचे टप्पे

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला ते वर्ष १९५६. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. सीमाप्रश्नाची कथा या नोंदीचा विषय नाही. मात्र त्या दिवसापासून जिल्ह्याचा विकास कोणत्या राजधानीतून आखला जाणार हे बदलले, आणि रस्ते, कालवे, कॉलेजे यांचा प्राधान्यक्रमही त्याबरोबर बदलला.

पाठोपाठ आले पाणी आणि ऊस. घटप्रभेवरचे हिडकल धरण आणि मलप्रभेवरचे नवीलतीर्थ धरण यांमुळे गोकाक, हुक्केरी, रायबाग, सौंदत्तीकडची शेती बदलली. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, काकतीचा मार्कंडेय अशा सहकारी कारखान्यांनी गावोगावी रोख पैसा आणला. निपाणीत तंबाखू होताच. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथे उभे राहिलेले आंदोलन आणि त्यावर झालेला गोळीबार हा शेतमालाच्या भावाच्या लढ्याच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रसंग आहे. उत्पादन वाढले तरी भाव मिळाला नाही तर विकासनीती अपुरी पडते, हे निपाणीच्या शेतकऱ्याने अर्थतज्ज्ञांच्या आधी सांगितले.

परकीय साहाय्याचा लाभ सगळीकडे एका वेळी पोचत नाही, याचे चांगले उदाहरण दुधाचे आहे. जागतिक बँकेच्या कर्जावर कर्नाटकाचा दुग्धविकास प्रकल्प १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला, पण पहिल्या टप्प्यात दक्षिणेकडचे आठ जिल्हेच होते. उत्तरेला दूधसंघ उभे राहायला वेळ लागला. आज बेळगावचे दूध आणि भाजी गोव्याच्या बाजारात रोज जाते, त्यामुळे या उशिराची किंमत अधिकच जाणवते.

दक्षिण-उत्तर दरीची अधिकृत कबुली २००२ च्या नंजुंडप्पा समितीच्या अहवालात मिळते. समितीने राज्यातल्या १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरवले आणि आठ वर्षांत सुमारे ३१,००० कोटी रुपयांच्या विशेष आराखड्याची शिफारस केली. पुढे २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) आले. त्याचा लाभ हैदराबाद-कर्नाटकाच्या, म्हणजे आता कल्याण-कर्नाटक म्हणवल्या जाणाऱ्या ईशान्य भागातल्या, जिल्ह्यांना मिळतो, बेळगाव त्यात नाही.

बेळगावच्या उद्योगांकडे पाहिले तर परदेशी मदतीचा हात त्यात फारसा दिसत नाही. गोकाकची कापड गिरणी एकोणिसाव्या शतकातली, घटप्रभेच्या धबधब्यावर चालणारी. उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्र्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, वडगाव-शहापूर-खासबागचे यंत्रमाग, हे सगळे मुख्यतः स्थानिक भांडवल, कोल्हापूर-पुण्याची मागणी आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले हात यांवर उभे आहे. विकासनीतीच्या पुस्तकांत ज्याला अंतर्जात विकास म्हणतात, तो उद्यमबागेत डोळ्यांनी दिसतो.

चोवीस तास पाणी

बेळगाव शहरात साहाय्याचा सर्वांत ठसठशीत प्रयोग पाण्याचा झाला. शहराला पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि हिडकलमधून येते. तरीही पूर्वी नळाला दोन-तीन दिवसांआड काही तास पाणी येई. घरोघरी घागरी, बॅरल, टाकी आणि थेट नळाला जोडलेली मोटर. पाणी नसताना नळमार्गातला दाब संपतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. यामुळे तुटक पुरवठा हा गैरसोयीच्या पलीकडचा, आरोग्याचा प्रश्न ठरतो.

२००४ साली जागतिक बँकेने सुमारे ३.९५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतल्या पाच प्रात्यक्षिक विभागांत जुने नळ काढून नवे टाकले, प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि चालवण्याचे काम व्हेओलिया या फ्रेंच कंपनीकडे दिले. यांपैकी दोन विभाग बेळगावचे. २००८ पासून तेथे दिवसरात्र पाणी येऊ लागले. भारतातल्या मोठ्या शहरांत असे चालू शकते यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पुढे हुबळी-धारवाडला झालेल्या अभ्यासात अखंड पुरवठ्याच्या भागातले पाणी तुटक पुरवठ्याच्या भागापेक्षा स्वच्छ आढळले. हे यश मोठे आहे आणि ते मनापासून मान्य करायला हवे.

मर्यादाही तितकीच खरी आहे. पाच विभागांत तिन्ही शहरांची मिळून सुमारे दहा टक्केच लोकसंख्या होती. शहराचा साठा एकच असताना काही वस्त्यांना चोवीस तास आणि शेजारच्या गल्लीला दोन दिवसांआड, अशी विभागणी कित्येक वर्षे राहिली. २०१६ मध्ये पुढचे १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्याचा पहिला रोख हुबळी-धारवाडवर होता. बेळगावच्या उरलेल्या वस्त्यांचे काम त्यामागून आले. प्रात्यक्षिकाला निधी मिळतो, पण प्रात्यक्षिकापासून पूर्ण शहरापर्यंतची वाट कोण चालणार आणि किती वर्षांत, हा प्रश्न प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर यायला हवा. मीटरच्या बिलाबाबतही तेच: भाड्याच्या खोलीत सहा माणसे एका नळावर असतील, तर वापरानुसार वाढणारा दर त्या घराला जड जातो.

बाळंतपणाची एक गोळी

साहाय्याचा प्रवाह नेहमी बाहेरून आत येतो असे नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर, तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर, जिल्ह्यातल्या ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत २००२ ते २००५ दरम्यान एक चाचणी केली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण. त्यावरचे नेहमीचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, आणि दूरच्या वाडीवर, वीज नसताना, ते अवघड असते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला शीतसाखळी लागत नाही.

१,६२० स्त्रियांना, कोणाला खरी आणि कोणाला नकली गोळी द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, ती दिली गेली. देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळी मिळालेल्या दर १८ बाळंतिणींमागे एकीचा रक्तस्राव टळला. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी औषधाला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आफ्रिका-आशियातल्या आरोग्यसेवेला मिळालेल्या या पुराव्यात बेळगावच्या खेड्यांतल्या बाळंतिणींचा आणि त्यांच्या अंगणात जाणाऱ्या नर्सबाईंचा वाटा आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. परकी पैसा येथे उपयोगी पडला कारण तो आधीपासून चालू असलेल्या सरकारी आरोग्ययंत्रणेवर आणि स्थानिक महाविद्यालयावर टेकलेला होता.

२००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानाने सुरू केलेला ‘आवाहन’ हा एचआयव्ही-प्रतिबंधाचा कार्यक्रमही बेळगाव जिल्ह्यात चालला. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परिसरात देवदासी प्रथेचा इतिहास आहे आणि तिच्यातून देहविक्रयात ढकलल्या गेलेल्या स्त्रियांना या रोगाचा धोका अधिक होता; कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने या प्रथेवर बंदी घातली. कार्यक्रम पुढे सरकारकडे सोपवला गेला, हे योग्यच झाले.

जमीन आणि भाषा

रस्ते आणि वळणमार्ग ही विकासनीतीची सर्वांत ठळक खूण, आणि ती सर्वांत वादग्रस्तही. बेळगावला हलगा ते मच्छे वळणमार्गासाठी सुपीक जमिनी घेण्यास शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पिकणारा बेळगाव बासमती याच मातीतला. नुकसानभरपाई एकदाच मिळते, भात दरवर्षी पिकते. शेतकऱ्याचा हा हिशोब सरकारी मूल्यांकनात बसत नाही.

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत लोकसहभाग आणि तक्रारनिवारण यांना मोठे स्थान आहे. पण प्रकल्पाची कागदपत्रे इंग्रजी आणि कन्नडमध्येच निघाली तर मराठी गल्लीतली आजी कोणत्या भाषेत हरकत घेणार? जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच म्हटले आहे. पाणीपट्टीच्या बिलावर आणि भूसंपादनाच्या नोटिशीवर त्याची अंमलबजावणी व्हावी, एवढी साधी मागणी येथले लोक करत आले आहेत.

साहाय्य राज्याच्या सीमेपलीकडूनही येते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केली आणि कर्नाटकाने त्याला आक्षेप घेतला. परकीय साहाय्यातला जुनाच प्रश्न, म्हणजे देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा अधिकार, येथे एकाच देशाच्या आत उभा राहिला, तोही रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत.